जरा ॲडजस्ट करा ना!

आमच्या रूमवर सध्या जीआरईचं वारं आहे. पार्टनरने पिवळ्या कार्डांवर इंग्रजी शब्द लिहून कपाटावर, आरशावर, एवढंच काय बाथरूमच्या दाराच्या आतल्या बाजूलाही चिकटवलेत. दात घासता घासता ‘ऑबड्युरेट’ आणि कपडे वाळत घालता घालता ‘पेरिपॅटेटिक’. परवा मी त्याला सहज विचारलं, “ॲडजस्ट म्हणजे काय रे?” त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी ‘कॅट’चं स्पेलिंग विचारतोय. म्हणाला, “हा काय शब्द आहे का? हा सगळ्यांनाच येतो.”

बरोबर आहे. सगळ्यांना येतो म्हणून कुणीच उघडून बघत नाही. पण मंडळी, एक दिवस कान उघडे ठेवून हिंडा. सकाळी मेसमध्ये, “आज पोळ्या कमी आहेत, भातावर ॲडजस्ट करा.” नाक्यावरचा दुकानदार, “दोन रुपये सुट्टे नाहीत, चॉकलेटमध्ये ॲडजस्ट करू?” कॉलेजात, “माझी प्रॉक्सी ॲडजस्ट कर ना यार.” स्टाफरूमही मागे नाही. रजेच्या अर्जावर सरांना आधी ‘लोड ॲडजस्टमेंट’चा रकाना भरावा लागतो, म्हणजे आपलं लेक्चर कोण घेणार त्याची सही. मगच रजा. लॅबमध्ये रीडिंग ॲडजस्ट होतं. बाहेर फ्लॅट घेऊन राहणाऱ्या मित्रांचं भाडं डिपॉझिटमधून ॲडजस्ट होतं (आणि डिपॉझिट परत कधीच मिळत नाही, हा भाग वेगळा). घरी ताईसाठी स्थळं बघताना पलीकडच्या मावशी म्हणतात, “आमची काही अपेक्षा नाही हो, फक्त मुलगी ॲडजस्ट करणारी हवी.” आणि संध्याकाळी ठाण्याच्या फलाटावर तर हा शब्द ‘राम राम’सारखा आहे.

एवढी कामं करणारा दुसरा इंग्रजी शब्द आपल्याकडे नाही. ‘टेन्शन’ जवळ येतो, पण टेन्शन फक्त घेता किंवा देता येतं.

आता इंग्रजीचे सर म्हणतील की आपण तो चुकीचा वापरतो. इंग्रजीत आरसा ॲडजस्ट करतात, घड्याळ करतात, नाहीतर माणूस कशाशी तरी ॲडजस्ट होतो, उदाहरणार्थ नव्या हवामानाशी. नुसतं “ॲडजस्ट करा” म्हणजे “सरका, मला जागा द्या” हा अर्थ आपण देशी लोकांनी घातला. बंगळुरूला हेच ‘स्वल्प ॲडजस्ट माडी’ म्हणून प्रसिद्ध आहे. तिकडे शिकायला गेलेला आमचा एक मित्र कन्नडमधलं हे एवढंच वाक्य शिकून सुट्टीला आला.

पण गंमत पुढे आहे. मी लायब्ररीत बसून त्या शब्दाचं मूळ शोधलं. (परीक्षेच्या आठवड्यात. अभ्यास सोडून सगळं सुचतं.) उत्तरकालीन लॅटिनमध्ये एक क्रियापद होतं. त्यातलं ‘अद’ म्हणजे कडे आणि ‘युक्स्ता’ म्हणजे जवळ, शेजारी. म्हणजे मूळ अर्थ काय? तर जवळ आणणे, शेजारी आणणे. सरकून बसणे! लोकलमधला काका आणि लॅटिनमधला पंडित एकच बोलतायत, फक्त काकांना ते माहीत नाही. तो ‘युक्स्ता’ ज्या धातूपासून आला, त्याच कुळातला आपला संस्कृत ‘युज्’, ज्यातून जोडणे, योग, योजना हे सगळं निघालं. त्यामुळे सरकारी मराठीतलं ‘समायोजन’, जे ऐकलं की अतिरिक्त शिक्षक आणि बदलीचे आदेश आठवतात, ते ॲडजस्टचं नुसतं भाषांतर नाही, लांबचं भावंड आहे.

पुढे हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीकडे जाताना लोकांचा एक गोड गैरसमज झाला. त्यांना वाटलं हा ‘युस्तुस’पासून आलाय. युस्तुस म्हणजे न्याय्य, योग्य. ज्यातून ‘जस्टिस’ आला तो. या गैरसमजाने शब्दाचा अर्थही वळला आणि नुसतं जवळ आणण्याऐवजी ‘नीट बसवणे, योग्य करणे’ असं त्यात शिरलं. थोडक्यात या शब्दाला दोन बाप आहेत, एक जवळ आणि एक न्याय. पहिला खरा, दुसरा मानलेला. आपण रोज “ॲडजस्ट करा” म्हणतो तेव्हा पहिल्याला हाक मारतो. दुसरा हजर आहे की नाही ते कुणी विचारत नाही. माझी तक्रार हीच आहे.

होस्टेल मिळण्याआधी पहिलं वर्ष मी डोंबिवलीहून ये-जा केली. ठाण्याला उतरायचं, पुढे बस. ज्यांनी ती गाडी पकडलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो की लोकलमधल्या ॲडजस्टला नियम आहेत आणि ते कुठेही लिहिलेले नाहीत. बाक तिघांचा. चौथा ‘टेकतो’. बसतो असं म्हणायचं नाही. चौथ्याचा एक पाय आणि अर्धं शरीर वाटेत असतं. तिसऱ्याने किंचित पुढे आणि पहिल्या-दुसऱ्याने मागे टेकायचं, म्हणजे खांदे एकमेकांत अडकत नाहीत. (अप्लाइड मेकॅनिक्सच्या पुस्तकात हे उदाहरण का नाही कळत नाही.) चौथी सीट मागणं हा हक्क मानला जातो. “ओ दादा, जरा ॲडजस्ट” म्हटलं की सहसा सरकतातच, तोंड वाकडं करून का होईना. पण पाचव्याने मागितली तर सगळा बाक एकदम परका होतो. पाचवी सीट नसते. चौघांपर्यंत सौजन्य आणि पाचव्यापासून उद्धटपणा, ही रेघ कुणी आखली माहीत नाही. पण ती आहे आणि कल्याणपासून सीएसएमटीपर्यंत सगळे ती पाळतात.

आणि सगळ्यात सुंदर नियम काही ग्रुपमध्ये असतो. डोंबिवलीला गाडी येते तेव्हा ती भरलेलीच असते. म्हणून कित्येक जण उलटे कल्याणला जाऊन, तिथून जागा धरून परत येतात. पण अशा ग्रुपमध्ये बसलेला माणूस अर्ध्या वाटेवर उठतो आणि उभ्या असलेल्याला बसवतो. कुणी सांगावं लागत नाही. पेपर घडी करून बॅगेत टाकला की समजायचं, आता पाळी बदलली. याला तिथे कुणी ॲडजस्ट म्हणत नाही. “ये, बस आता तू” एवढंच म्हणतात. दोन्ही बाप हजर असलेलं ॲडजस्ट मी बघितलं ते एवढंच.

बाकी ठिकाणी काय होतं ते आपल्या भाषेवरून कळतं. हा इंग्रजी शब्द यायच्या आधी मराठी माणूस काय म्हणत होता, याचा मी आणि माझ्या आजीने बसून हिशोब केला. जुळवून घेणे. सांभाळून घेणे. सामावून घेणे. भागवून घेणे. चालवून घेणे. खपवून घेणे. बघा, प्रत्येकाची चव वेगळी आहे. ‘जुळवून घेणं’ दोघांना करावं लागतं, एकट्याचं काम नाही. ‘सांभाळून घेतो’ तो थोरला, ज्याच्याकडे जास्त आहे तो. ‘सामावून घेणं’ म्हणजे बाहेरच्याला आत जागा देणं. ‘भागवतो’ तेव्हा वस्तू कमी आहे, दोष कुणाचा नाही. ‘चालवून घेतो’ तेव्हा माल हलका आहे आणि आपल्याला ते कळलेलं आहे. आणि ‘खपवून घेतो’ तेव्हा समोरचा चुकलाय आणि आपण गप्प आहोत. आजी म्हणाली, “आमच्या वेळी खपवून घेतलं म्हटलं की त्यात रागही यायचा. तुमच्या ॲडजस्टमध्ये राग कुठे घालायचा?”

मला हे फार पटलं. या सगळ्या शब्दांना आपण एकाच बाकावर बसवलं. सहा जण, एका सीटवर. त्यामुळे झालं असं की “आम्ही ॲडजस्ट केलं” म्हणणारा भागवत होता की खपवून घेत होता, हे त्यालाही सांगता येत नाही. इंग्रजी शब्द वापरला म्हणून माझी काही तक्रार नाही. टेबल, पेन, स्टेशन आपलेच आहेत, उगाच ‘अग्निरथविरामस्थान’ करायची मला हौस नाही. पण सहा शब्द देऊन एक शब्द घेतला, हा सौदा तोट्याचा झाला.

आणि तो तोटा सगळ्यांच्या वाट्याला सारखा येत नाही. डोंबिवलीतल्या जुन्या चाळींत आणि वन-रूम-किचनमध्ये जी मुलं वाढली, त्यांना “सगळ्यांनी ॲडजस्ट करायचं” हे वाक्य पाठ असतं. आमच्याकडेही होतं. माझी दहावी तेव्हा टेबल-फॅन माझ्याकडे. पाहुणे आले की पलंग पाहुण्यांकडे. बाबांची नाइट शिफ्ट असली की दिवसा टीव्ही बंद. सगळे ॲडजस्ट करत होतो, खरंच. पण आता मोजायला बसलो तर लक्षात येतं की स्वयंपाकघरात ओट्याखाली डोकं आणि दाराशी पाय करून जी रोज झोपायची, ती कायम आईच होती. तिची पाळी कधी बदलली नाही. पेपर घडी करून कुणी उठलं नाही. मावशींना ‘ॲडजस्ट करणारी मुलगी’ हवी असते तेव्हा त्यांना नक्की कोणतं क्रियापद हवं असतं, हे ताईने एकदा तोंडावर विचारलं. स्थळ गेलं. चांगलंच झालं.

आता थोडं आपल्या शाखेकडे येतो, कारण मला हा शब्द खरा समजला तो सर्व्हेइंगच्या प्रॅक्टिकलला.

थिओडोलाइट घेऊन ग्राउंडभोवती पाच बाजूंचा बंद ट्रॅव्हर्स करायचा होता. सिव्हिलवाल्यांना माहीत आहे, बाकीच्यांसाठी सांगतो. पाच खुंट्या ठोकायच्या, प्रत्येक खुंटीवर यंत्र लावून आतला कोन मोजायचा. पाच बाजूंच्या आकृतीच्या आतल्या कोनांची बेरीज ५४० अंश आलीच पाहिजे, ही शाळेतली भूमिती. आमची आली ५४१ अंश १० मिनिटं. ऊन मी म्हणत होतं, कॅन्टीन बंद व्हायला आलं होतं. ग्रुपमधला एक हुशार म्हणाला, “काय घाबरता? पुस्तकात आहे, एरर ॲडजस्ट करायची. एक अंश दहा मिनिटं म्हणजे सत्तर मिनिटं, भागिले पाच, प्रत्येक कोनातून चौदा मिनिटं कमी.” वा! दोन मिनिटांत बेरीज ५४० अंश ० मिनिटं ० सेकंद. जर्नलवर इतकं देखणं कोष्टक मी त्याआधी कधी काढलं नव्हतं.

सरांनी ते बघितलं आणि म्हणाले, “छान. मला तीस वर्षांत इतकं छान आलं नाही. कच्ची वही आणा.”

कच्ची वही बघून ते रागावले नाहीत, हेच जास्त लागलं. त्यांनी विचारलं, “ॲडजस्ट केलंत ते ठीक. पण करायच्या आधी काय बघायचं असतं?” आम्ही गप्प. मग त्यांनीच फळ्यावर लिहिलं. यंत्र २० सेकंदांपर्यंत वाचतं. कोन पाच. परवानगी असलेली चूक म्हणजे २० गुणिले पाचाचं वर्गमूळ, साधारण ४५ सेकंद. आमची चूक एक अंश दहा मिनिटं, म्हणजे ४२०० सेकंद. मर्यादेच्या नव्वदपटीहून जास्त! “४५ सेकंदांच्या आत आलं तर ती माणसाची आणि यंत्राची चूक. ती कुणा एकाची नाही, म्हणून सगळ्यांत वाटून घ्यायची. त्याच्या बाहेर गेलं की ती कुणाची तरी चूक आहे. ती वाटायची नाही, शोधायची.”

दुसऱ्या दिवशी परत उन्हात. तिसऱ्या खुंटीवर एकाने व्हर्नियरवर अख्खा एक अंश जास्त वाचला होता. आणि चौथ्या खुंटीवर यंत्र खुंटीच्या बरोब्बर वर नव्हतंच, दीडेक बोट बाजूला होतं. (तिथे मी होतो. आता सांगून टाकतो.) नीट केल्यावर चूक आली ४० सेकंद. प्रत्येक कोनाला आठ सेकंद वाटली. ते कोष्टक आधीच्याइतकं देखणं नव्हतं, खाडाखोड होती, पण सरांनी त्याच्यावर सही केली.

नंतर बघितलं तर हा विचार सगळीकडे आहे. साध्या लेव्हलिंगला पुस्तकात साधारण २४ मिलिमीटर गुणिले किलोमीटरमधल्या अंतराचं वर्गमूळ एवढी चूक चालते. चार किलोमीटर गेलात तर ४८ मिलिमीटर. त्याच्या आत असेल तर वाटा, बाहेर असेल तर परत चालत जा. मोजमापाचा जो आंतरराष्ट्रीय शब्दकोश आहे, त्यात तर मुद्दाम सांगून ठेवलंय की कॅलिब्रेशन आणि ॲडजस्टमेंट यांची गल्लत करू नका. कॅलिब्रेशन म्हणजे यंत्र किती चुकतंय ते समजून घेणं, ॲडजस्टमेंट म्हणजे यंत्राला हात लावणं. आणि हात लावला की बहुतेक वेळा पुन्हा कॅलिब्रेट करा. आधी कळू द्या, मग सरकवा, मग परत बघा. आपण मधलीच पायरी तेवढी उचलली.

आता हे ४५ सेकंदांचं गणित घेऊन परत गाडीत या.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली, तेव्हा १४ डबे होते आणि साधारण ४०० पाहुणे. डब्याला २८-२९ माणसं. पुढच्या वर्षी, १८५४ च्या मे महिन्यात रूळ कल्याणला पोचले. आज गर्दीच्या वेळी १२ डब्यांच्या लोकलमध्ये साडेचार हजारांच्या आसपास माणसं असतात असं सांगतात. म्हणजे डब्याला पावणेचारशे. रेल्वेवाल्यांकडे या गर्दीला एक खास नाव आहे, ‘सुपर डेन्स क्रश लोड’. एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसं उभी. मी कॅल्क्युलेटर काढला. १६ माणसं धरली तर एकाच्या वाट्याला ६२५ चौरस सेंटिमीटर, म्हणजे २५ सेंटिमीटर बाय २५ सेंटिमीटर. तुमच्या घरातली एक फुटी फरशी याहून मोठी असते. त्यात माणूस, त्याची बॅग, डबा आणि घडी घातलेली छत्री.

माझा आक्षेप गर्दीला नाही. गर्दी डोंबिवलीत जन्मलेल्याला नवी नाही. माझा आक्षेप त्या नावाला आहे. आधी काहीतरी मर्यादा होती, ‘क्रश लोड’ नावाची. ती ओलांडली. मग ‘डेन्स’ लावलं. तीही ओलांडली, तर पुढे ‘सुपर’. चूक मर्यादेबाहेर गेली तेव्हा ती शोधायच्या ऐवजी आपण तिचं बारसं केलं. आमच्या ग्रुपने चौदा चौदा मिनिटं वाटली तसंच हे, प्रत्येक प्रवाशाला थोडं थोडं वाटून दिलं आणि बेरीज बरोबर आणली. चौदा मिनिटं कमी केल्याने कोनाला काही होत नाही, तो कागदावर असतो. इथे वाटून घेणाऱ्याला शरीर आहे.

९ जून २०२५ ला सकाळी दिवा-मुंब्र्याच्या वळणावर शेजारशेजारच्या रुळांवरून दोन लोकल विरुद्ध दिशांनी गेल्या. दोन्हींच्या दारांत माणसं लटकलेली. एकमेकांना घासून ती रुळांवर पडली. काही घरी परत आलीच नाहीत. त्या वळणावरून मी वर्षभर रोज गेलोय, दारात उभं राहूनसुद्धा. तुमच्यातले निम्मे गेले असतील. त्याच्या आदल्या वर्षी मुंबई उच्च न्यायालयापुढे एक याचिका आली होती. तिच्यात २०२३ या एका वर्षात उपनगरी रेल्वेवर, रूळ ओलांडताना आणि गाडीतून पडून वगैरे, अडीच हजारांहून जास्त माणसं गेल्याचा आकडा होता. दिवसाला सात.

मुंब्र्यानंतर लगेच रेल्वेने जाहीर केलं की नव्या लोकलना आपोआप बंद होणारी दारं असतील आणि जुन्या गाड्यांनाही ती बसवू. आमच्या होस्टेलवर यावर रात्री दोनपर्यंत भांडण झालं. एक गट म्हणे दारं हवीतच. दुसरा म्हणे, दार बंद झालं तर डोंबिवलीला चढणार कसं, आणि बिनएसीच्या डब्यात हवा कुठून येणार? दोन्ही गट बरोबर होते. पण मला त्यातला एक मुद्दा वेगळा दिसतो. बंद होणारं दार ही पहिली गोष्ट आहे जी “आता बास, पाचवी सीट नाही” असं म्हणू शकते. उघडं दार काहीच म्हणत नाही. उघड्या दारात नेहमी एकाची जागा असते. आणि जे फलाटावर उरतील, ते दिसतील. आज ते दिसत नाहीत, कारण ते लटकतात आणि पोचतात. मोजायला कुणी उरतच नाही, मग जादा गाड्या कशाला सोडायच्या? दिवा-ठाणे पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली फेब्रुवारी २०२२ मध्ये. तिच्यासाठी किती वर्षं वाट बघितली ते कल्याण-डोंबिवलीच्या कुठल्याही काकांना विचारा, पण वेळ हाताशी ठेवून विचारा.

मित्र म्हणतात, तू फार ताणतोस. ॲडजस्ट केल्याशिवाय मुंबई चालणार नाही. मान्य! चौथी सीट दिली नाही तर कामगार, नर्स, पोरं वेळेवर पोचणारच नाहीत. सरकून बसणारी माणसं ही आपली श्रीमंती आहे, तिला मी नावं ठेवत नाही. मी चौथ्या सीटच्या बाजूचाच आहे. फक्त चौथीला टेकू देणारे आपण नवव्या आणि दहाव्यालाही तोच शब्द वापरतो. आणि तो शब्द आपल्या तोंडून ऐकून-ऐकून ज्यांनी मोजायचं, शोधायचं, जादा डबे जोडायचे, ते निवांत झालेत.

आपल्यातले बरेच जण दोन-तीन वर्षांत साइटवर असतील. तिथेही हा शब्द आपली वाट बघतोय. सुट्टीत एका साइटवर ट्रेनिंगला गेलो होतो (कुठल्या ते सांगत नाही). पहिल्याच आठवड्यात कानावर आलं, “साहेब, काँक्रीट घट्ट झालंय, थोडं पाणी मारून ॲडजस्ट करतो.” दोन बादल्या. मिस्त्रीचं काही वाईट मनात नव्हतं, त्याला स्लॅब संध्याकाळच्या आत भरायचा होता. पाणी-सिमेंटचं प्रमाण वाढलं की ताकद कमी होते, हे मी परीक्षेत पाच मार्कांना लिहिलेलं होतं. तिथे मात्र मी शेजारी उभा राहून गप्प बसलो. मी काय केलं? भागवून घेतलं? नाही. खपवून घेतलं. आजीचा शब्द.

इथून जवळच शीळफाट्याला ४ एप्रिल २०१३ ला एक बेकायदा इमारत कोसळली. वरचे मजले चढत होते आणि खाली माणसं राहायला आली होती. ७४ जण गेले, त्यात लहान मुलं होती. तेव्हा आपण सगळे खूप लहान होतो. सरांनी ते फोटो एकदा वर्गात दाखवले. त्या इमारतीचा एकेक मजला चढताना किती जणांनी किती वेळा “चालतंय, ॲडजस्ट करू” म्हटलं असेल, ते कुठल्याच कच्च्या वहीत नसणार.

असो. जड झालं. शेवटी होस्टेलचं सांगतो, नाहीतर संपादक म्हणतील विषय सोडला.

आमची रूम दोघांची. या टर्मला तिसरी कॉट आली. रेक्टर सर म्हणाले, “पंधरा दिवसांचा प्रश्न आहे, मुलांनो. जरा ॲडजस्ट करा.” आम्ही केलं. आनंदाने केलं, तिसरा पोरगा शहापूरचा आहे, त्याच्या घरून भडंग येतो, तक्रार असायचं कारणच नाही. कॉट लावल्यापासून दार मात्र अर्धंच उघडतं आणि एकाला बाहेर पडायचं असेल तर दुसऱ्याला कॉटवर चढावं लागतं. आज एकेचाळिसावा दिवस आहे. काल रात्री तिघांनी मिळून अर्ज लिहिला. पार्टनरला त्यात एखादा जीआरईचा शब्द घालायचा होता, आम्ही हाणून पाडला. अर्जात ‘ॲडजस्ट’ शब्द नाही. रूमची लांबी, रुंदी, कॉटची मापं, दार किती सेंटिमीटर उघडतं, आणि ‘आम्ही आणखी किती दिवस भागवून घ्यायचे ते कृपया कळवावे’, एवढंच आहे. मापं दोनदा घेतली, दुसऱ्यांदा टेप तिसऱ्याने धरली होती. फरक तीन मिलिमीटरचा आला, तो सोडून दिला.

अर्ज सकाळी ऑफिसात दिला. क्लार्ककाकांनी वाचला, चष्मा वर केला आणि म्हणाले, “सर आज रजेवर आहेत, रे. उद्यापर्यंत ॲडजस्ट करा.”